दोन पाट्या, एक हात

पाटीवाल्या बाईंचा बाप दुकानांच्या पाट्या रंगवायचा. रस्त्याच्या पलीकडच्या कडेला उभं राहून, डोळे बारीक न करता जे वाचता येत नाही ते अक्षरच नव्हे, असं तो म्हणायचा. पोरीने काढलेलं अक्षर पटलं नाही की ओल्या रंगावरून फडकं फिरवून मोकळा व्हायचा. मारलं कधीच नाही. पुसलं जाणं हीच शिक्षा. त्यामुळे ब्रश धरला की बाईंचा हात थरथरत नसे, आणि आपल्या अक्षराचा त्यांना जरा जास्तच अभिमान होता. गरिबाच्या घरात अभिमान बाळगायला दुसरं फारसं काही नसतंच.

सातवी झाली आणि लग्न झालं. सासरी सासू नव्हती, सासरे अंथरुणाला खिळलेले, आणि नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवणारा, महिन्यातून चार दिवस घरी. उरला धाकटा दीर. नऊ वर्षांचा, दोन्ही गुडघे फुटलेले, नाक वाहतंय. पहिल्या दिवशी तो दाराआडून नव्या वहिनीकडे बघत राहिला आणि भूक लागली आहे असं भिंतीला सांगितलं. बाईंनी त्याला जवळ घेतलं ते घेतलंच. स्वतःला मूल झालं नाही. पुढे कोणी त्याबद्दल हळहळलं तर त्या म्हणायच्या की मला आयतं वाढलेलं मिळालं, दुपटी धुवायचा त्रास वाचला.

सासरे गेल्यावर वस्तीच्या टोकाला असलेल्या रसायनांच्या कारखान्यात पाट्या रंगवायला माणूस हवा आहे असं कळलं. बाई गेल्या, पत्र्याच्या तुकड्यावर पांढऱ्या रंगाने चार ओळी लिहून दाखवल्या आणि त्याच दिवशी कामाला लागल्या. त्याला आता एकवीस वर्षं झाली होती. कारखान्यात त्यांचं खरं नाव पगारपत्रकाशिवाय कुठेच उरलं नव्हतं. सगळ्यांच्या तोंडी पाटीवाल्या बाई.

काम ऐकायला साधं होतं. मालाची एक खेप निघाली की नळांत आणि टाक्यांच्या बुडाशी थोडा माल उरायचा. तो लोखंडी पिंपांत काढून मागच्या शेडमध्ये पाठवायचा. शेडमध्ये त्याला दोन वाटा होत्या. पाण्याशी ज्याचं वैर नाही तो माल मोठ्या हौदात सोडायचा. तो जड असल्यामुळे पाण्याखाली जाऊन निजायचा, आणि वर पाण्याचं पांघरूण असल्याने त्याची वाफ उडत नसे. पाण्याशी ज्याचं वैर आहे तो मात्र बंद नळीतून, मास्क लावून, जपून दुसरीकडे न्यायचा. तो पाण्यात पडला तर फुत्कारून उठतो आणि त्याचा पांढरा धूर माणसाची छाती जाळतो. आता गंमत अशी, की हे मित्र आणि हे वैरी दिसायला बहुतेक सारखेच. पाण्यासारखे नितळ आणि वजनाला जवळजवळ एकमेकांइतकेच जड. पिंपाला बाहेरून हात लावून काही कळत नाही. कळायचं ते त्याच्या गळ्यात टांगलेल्या पाट्यांवरून.

म्हणून पाट्या दोन असायच्या. एकीवर नाव, दुसरीवर सूत्र. नावाची पाटी बाई लिहायच्या, मुकादमाकडून आलेल्या कागदावरून. सूत्राची पाटी आकडेमास्तर लिहायचे. ते वयाने मोठे, बोलायला कमी, आणि त्यांनी तो कागद कधी बघायचाच नाही असा दंडक होता. त्यांनी बासष्ट पायऱ्या चढून नळांच्या मचाणावर जायचं, ज्या नळातून माल काढला त्याच्यावर ठोकलेला बिल्ला वाचायचा आणि खाली येऊन सूत्र रंगवायचं. दोघांच्या खोल्या वेगळ्या. एकमेकांना विचारायची बंदी. मग मुकादम दोन्ही पाट्या शेजारी धरून वाचायचा. जुळल्या तर पिंप शेडकडे जायचं. नाही जुळल्या तर ते जागेवरच थांबायचं, आणि तफावतीच्या वहीत नोंद व्हायची. त्या वहीला सगळे भांडणवही म्हणायचे, कारण नोंद झाली की बाई म्हणायच्या माझा कागद बरोबर, मास्तर म्हणायचे माझा नळ बरोबर. महिन्याला तीनचार भांडणं ठरलेली. बहुतेक वेळा कागदावरच चूक सापडायची. पाळी बदलताना घाईत कोणीतरी कालचंच नाव आज लिहिलेलं असायचं.

मास्तरांनी बाईंना सूत्रं शिकवली ती डब्याच्या सुट्टीत, दोन्ही खोल्यांच्या मधल्या पायरीवर बसून. रेणूचं नाव म्हणजे घरातल्या माणसांची मोजदाद, असं ते सांगायचे. पहिल्याचं नाव जसंच्या तसं घ्यायचं. दुसरा बाहेरून घरात आलेला, म्हणून त्याच्या नावाचं शेपूट बदलतं. क्लोरीनचं क्लोराइड होतं, ऑक्सिजनचं ऑक्साइड. किती जण आहेत ते नावाच्या आधी जोडायचं. मोनो म्हणजे एक, डाय दोन, ट्राय तीन, टेट्रा चार, पेंटा पाच, हेक्सा सहा. पहिला एकटाच असेल तर त्याला मोनो लावायचा नाही. का म्हणून बाईंनी विचारलं, तर मास्तरांनी आधी घास नीट चावून गिळला. मग म्हणाले, घरात एकच मुलगा असला तर त्याला कोणी ‘एक मुलगा, जेवायला ये’ अशी हाक मारतं का? आणि हा सगळा रिवाज अधातूंच्या घरातला. धातू आला की त्या घराची रीत निराळी, तिकडे आपण जायचं नाही.

बाईंना ते आवडलं. एखाद्या बाईला भरतकामाचा टाका सापडावा तसं त्यांना ते सापडलं. कार्बन एक, ऑक्सिजन दोन, तर कार्बन डायऑक्साइड. सी आणि ओ, ओच्या पायाशी बारीक दोन. तो बारीक दोन पुसला की उरतं मोनॉक्साइड, जे झोपलेल्या माणसाला उठू देत नाही. मास्तर म्हणायचे, आकडा बारीक लिहितात म्हणून त्याला बारीक समजू नका. घरी आल्यावर बाई भाकरी थापता थापता पुटपुटायच्या, आणि धाकटा अभ्यासाची पुस्तकं सोडून त्यांचीच परीक्षा घ्यायचा. डायनायट्रोजन पेंटॉक्साइड? एन दोन, ओ पाच. सल्फर हेक्साफ्लोराइड? एस, एफ सहा. टेट्राफॉस्फरस डेकॉक्साइड? इथे बाई अडखळायच्या, डेका म्हणजे दहा हे विसरायच्या, आणि तो टाळ्या पिटत घरभर नाचायचा. शाळेत मात्र त्याचं डोकं कधी चाललं नाही. दहावीला दोनदा आपटल्यावर बाईंनीच मोठ्या साहेबांना सांगून त्याला मागच्या शेडमध्ये लावलं. पिंपाचं बूच पान्याने उघडायचं आणि पाटी बघून माल ज्याच्या त्याच्या वाटेला लावायचा, हे त्याचं काम.

आता तो एकतीसचा झाला होता. लग्न जमत नव्हतं. मुलीकडचे लोक येतात, वास घेतात आणि परत जातात, असं तो स्वतःच हसत सांगायचा. कामाचं भय त्याला नव्हतं. कोणी विचारलं तर म्हणायचा, एका पाटीवर वहिनी बसली आहे आणि दुसरीवर मास्तर, मला काय होतंय.

मग मास्तरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला. मचाणावरचा बिल्ला त्यांना दिसेना, आणि त्यांनी आपणहून सांगितलं की मला आता सोडा. त्याच महिन्यात नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता. नीटनेटका, मृदू बोलणारा, प्रत्येक गोष्टीला ‘सोपं करूया’ म्हणणारा. त्यांनी बाईंना खोलीत बोलावलं, खुर्ची दिली आणि विचारलं की नावावरून सूत्र तुम्हाला काढता येतं असं ऐकतो, खरं का? बाईंनी होय म्हटलं. साहेबांनी दहाबारा नावं विचारली. बाईंनी दहाबारा सूत्रं सांगितली, डेकॉक्साइडसकट, न अडखळता. साहेब खूश झाले. मग दुसऱ्या माणसाची गरजच काय, दोन्ही पाट्या तुम्हीच लिहा, असं म्हणाले.

बाईंनी तेव्हा नाही म्हणायला हवं होतं. पण एकवीस वर्षं नावं लिहिणाऱ्या बाईच्या मनात सूत्राची पाटी लिहायची हौस किती खोल दडलेली असते, ते ज्याचं त्यालाच ठाऊक. त्या मान डोलावून बाहेर आल्या.

मास्तर जाण्याआधी पायरीवर शेवटचे बसले. डबा उघडला नाही. म्हणाले, “बाई, आता तुमच्या दोन पाट्या कधी भांडणार नाहीत. ज्या घरात अजिबात भांडण नाही, त्या घरात एक तर सगळे शहाणे असतात, नाहीतर कोणीतरी बोलायचंच बंद झालेलं असतं.” मग उठता उठता, “पायऱ्या चढत जा,” एवढंच सांगून गेले.

पहिला आठवडाभर बाई रोज चढल्या. दुसऱ्या आठवड्यात गुडघा सुजला. तिसऱ्यात काम दुप्पट झालं, कारण नावं त्यांची आणि सूत्रंही त्यांची. समोर कागद पडलेला, त्यावर नाव लिहिलेलं, आणि नाव वाचलं की सूत्र डोळ्यापुढे आपोआप उभं राहायचं. कार्बन टेट्राक्लोराइड. सी, सी-एल, खाली चार. त्यासाठी बासष्ट पायऱ्या कशाला? ज्याला हे येत नाही त्याला उठून जावंच लागलं असतं. बाईंना येत होतं, म्हणून त्या बसून राहिल्या. वहीत सूत्राच्या रकान्यापुढे ‘नळ पाहिला’ असं छापलेलं होतं आणि त्यापुढे सही करायची असे. पहिल्यांदा सही करताना हात अडला. दुसऱ्यांदा कमी अडला. पुढे अडायचा थांबला.

असे पाच महिने गेले. पाट्या सुरेख दिसत होत्या, दोन्ही एकाच वळणाच्या, जुळ्या बहिणींसारख्या. मुकादम शेजारी धरायचा, वाचायचा, मान हलवायचा. पिंपं चालली होती शेडकडे.

मग वर्षाची मोठी दुरुस्ती आली. सगळे नळ रिकामे करायचे, सोडवायचे, रंगवायचे. एका दमात चाळीस पिंपं भरली. मुकादमाने कागदांचा गठ्ठाच आणून टेबलावर टाकला. बाईंनी दीड दिवसात ऐंशी पाट्या लिहिल्या. खांदा भरून आला, पण एकही अक्षर वाकडं नाही. पिंपं शेडच्या बाहेर रांगेत लागली, आणि बुधवारी दुपारी रंगारी यायच्या आत ती रिकामी करायची असं ठरलं.

मंगळवारी संध्याकाळी जेवताना धाकट्याने सहज सांगितलं. कालच्या जुन्या पिंपांतलं एक जरा चिडलं होतं. हौदात सोडलं तशी फुस्स करून पांढरी रेघ उठली. वाटीभरच माल होता बुडाशी, म्हणून बरं. दिवसभर घशात खवखवत होतं. असं बोलून त्याने आणखी एक भाकरी मागितली.

बाईंनी भाकरी तव्यावर टाकली. त्यांनी विचारलं, पाटी कसली होती.

“कार्बन टेट्राक्लोराइड,” तो म्हणाला. “दोन्ही पाट्या तुझ्याच अक्षरातल्या. जुळत होत्या. पिंपच घाणेरडं असेल आतून.”

कार्बन टेट्राक्लोराइड पाण्यात फुस्स करत नाही. ते गोडसर वासाचं, सुस्त, पाण्याखाली जाऊन पडून राहणारं. त्या पिंपात दुसरंच कोणीतरी होतं, त्याचं नाव लावून बसलेलं. बाईंना हे भाकरी उलटण्याआधीच कळलं. आणि त्याच क्षणी हेही कळलं की कागद चुकला तर आता नाव चुकतं, आणि नाव चुकलं की त्या नावावरून काढलेलं सूत्रही तितकंच व्यवस्थित चुकतं. दोन्ही पाट्या हातात हात घालून खोटं बोलतात. उद्या चाळीस पिंपं, आणि तळाशी वाटीभर नव्हे, काठोकाठ भरलेली.

तेव्हाच सांगायला हवं होतं. धाकट्या, मी नळ बघत नाही. पाच महिने बघितला नाही. एवढंच वाक्य. पण ज्याला आपण घास भरवला, ज्याच्या डोळ्यांत आपली पाटी म्हणजे दगडावरची रेघ, त्याच्यासमोर ते बोलवत नाही. बाई एवढंच म्हणाल्या की उद्या सगळ्याच पिंपांना मास्क लाव. तो हसला. मास्क कोरड्या वाटेच्या मालाला लावायचा असतो, हौदाच्या मालाला लावला तर उकाड्यात जीव जातो आणि चाळीस पिंपं संध्याकाळपर्यंत होत नाहीत. “तू पाट्या लिहायच्या सोडून माझी आई व्हायला लागलीस की मला समजतं, तुझा गुडघा दुखतोय,” असं म्हणून तो उठला.

बाईंनी मनाशी एक वाट काढली. सकाळी लवकर जायचं, मचाणावर चढायचं, चाळीसच्या चाळीस नळांचे बिल्ले स्वतः वाचून यायचे. सगळं बरोबर निघालं तर कोणाला काहीच सांगायला नको. झाकली मूठ झाकलेलीच राहील.

सकाळी आठाला खोली उघडल्यावर त्यांनी आधी भांडणवही काढली. का काढली ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मास्तरांच्या वेळची पानं भरलेली होती, दर महिन्याला तीन, चार, एकदा पाच. मग मास्तर गेले ती तारीख. त्यानंतर कोरं. पाच पानं कोरी, एक ठिपका नाही. साहेबांनी ही कोरी पानं वरच्या कचेरीला दाखवून शाबासकी घेतली होती. बाईंनी ती कोरी पानं एकेक करून पुन्हा उलटली. मुकादम तेच, घाई तीच, कागद तेच. महिन्याला तीनचार चुका व्हायच्या त्या काही मास्तरांच्या मोतीबिंदूबरोबर घरी गेल्या नव्हत्या. त्या होतच होत्या. पंधराएक पिंपं चुकीचं नाव गळ्यात घालून या खोलीसमोरून गेली होती, आणि सगळी एकाच माणसाकडे गेली होती. त्यातलं एक परवा फुस्स म्हणालं. बाकीच्यांत काय होतं, किती होतं, ती कुणाच्या नशिबाने गप्प राहिली, देव जाणे.

गुडघा धरून त्या पायऱ्या चढल्या. मध्ये दोनदा थांबल्या. वर पोचल्या तर मचाण उघडंबोडकं. नळ सोडवून खाली उतरवलेले, आणि रंग नीट बसावा म्हणून सगळे बिल्ले उचकटून काढलेले. कोपऱ्यात एक गोणपाटाची पिशवी होती. बाईंनी ती उपडी केली. खळ्ळकन सगळे बिल्ले लोखंडी जाळीवर पसरले. फॉस्फरस ट्रायक्लोराइड, कार्बन टेट्राक्लोराइड, सिलिकॉन टेट्राक्लोराइड, सल्फर डायक्लोराइड, सगळी नावं, सगळी सूत्रं, एकसुद्धा पुसट नाही. फक्त कोणतं कुठलं, ते सांगणारं आता जगात कोणी नव्हतं. वारा सुटला होता. हलके बिल्ले जाळीवर थरथरत होते.

बाई खाली उतरल्या त्या थेट साहेबांच्या खोलीत. दुरुस्ती बघायला वरच्या कचेरीतले पाहुणे दुपारी येणार म्हणून साहेब टेबल आवरत होते. त्यांनी बसा म्हटलं, बाई बसल्या नाहीत. शेडमधलं काम थांबवा, म्हणाल्या. साहेबांनी विचारलं की दोन्ही पाट्या जुळतात ना. बाईंनी होय म्हटलं. मग अडचण काय, असं साहेबांनी अगदी मऊपणे विचारलं.

“जुळतात, कारण एक बघून मी दुसरी लिहिते,” बाई म्हणाल्या. “पाच महिने मी नळ पाहिलेला नाही. सही माझी आहे. खोटी आहे.”

खोलीत पंखा फिरत होता. साहेबांच्या चेहऱ्यावर राग आला नाही. आला असता तर बरं वाटलं असतं. ते क्षणभर बाईंकडे आणि मग दाराकडे बघत राहिले, बाहेर कोणी ऐकलं तर नाही ना हे बघावं तसे. मग त्यांनी शेडला फोन लावला. वाजत राहिला. पान्याच्या आवाजात तिथला फोन कधीच ऐकू येत नसे. साहेबांनी पुन्हा लावला, आणि बाई तोवर दारातून बाहेर पडल्या होत्या.

एकवीस वर्षांत त्यांना कोणी धावताना बघितलं नव्हतं. गुडघ्यातून कळ यायची ती कंबरेपर्यंत जायची. गोदामाला वळसा, मग वजनकाटा, मग लांबलचक उघडा रस्ता, आणि त्या टोकाला शेड. बाहेरच्या रांगेतली अकरा पिंपं नव्हती. म्हणजे अकरा झाली होती आणि काही झालं नव्हतं. बाईंना वाटलं, वेळ आहे.

बारावं पिंप लोखंडी घोडीवर आडवं चढवलं होतं. त्याचं तोंड हौदावर. धाकटा पान्याने बूच सैल करत होता. मास्क खुंटीला लटकलेला. त्याने वहिनीला धावत येताना बघितलं आणि त्याला हसूच आलं. त्याने एक हात वर करून हलवला. दुसरा हात पान्यावर होता आणि त्या हाताला सवय होती. बाई ओरडल्या, उघडू नकोस. तो ऐकायला थांबला, पण बूच अर्धं फिरलेलं होतं. त्यातून एक बारीक धार सुटली आणि हौदातल्या पाण्यावर पडली.

आवाज मोठा झाला नाही. ओल्या लाकडाला जाळ लागावा तसा झाला. पण पांढरं उठलं ते क्षणात त्याच्या कंबरेएवढं, छातीएवढं आणि मग तो दिसेनासाच झाला. बाईंना आतून पाना फिरल्याचा आवाज ऐकू आला. एकदा, दोनदा, तीनदा. तो पळाला नव्हता. बूच घट्ट बसवत होता. ते उघडं राहिलं असतं तर सबंध पिंप हौदात गेलं असतं आणि तो धूर कारखान्याच्या भिंतीत मावला नसता. मग तो बाहेर आला, वाकलेला, डोळे मिटलेले, आणि वाऱ्याच्या उलट्या बाजूला येऊन जमिनीवर बसला.

दवाखान्याची खोली फाटकाजवळ होती. डॉक्टरीणबाई तरुण, पण हाताने स्थिर. त्यांनी त्याचे डोळे धुतले, कपडे काढून घेतले, नाकाला ऑक्सिजन लावला, छाती ऐकली. पंधरा मिनिटांत तो उठून बसला. खोकला कमी झाला. घसा जरा सोलल्यासारखा वाटतो, बाकी ठीक, असं म्हणाला. रंगारी दुपारी येतील, मला जाऊ द्या. डॉक्टरीणबाईंनी त्याला पाय खाली ठेवू दिला नाही. त्यांनी बाईंना दाराशी घेऊन हलक्या आवाजात सांगितलं की असल्या धुराचं बरं वाटणं खरं नसतं. पहिले काही तास माणूस हसतो, बोलतो. फुप्फुसांत पाणी भरायला लागतं ते नंतर. गाडी सांगितली आहे, यायला तास लागेल. तोवर मोठ्या इस्पितळाला फोनवर सांगायचं आहे की कशाचा धूर होता, म्हणजे ते तयारीत राहतील आणि किती वेळ जपायचं ते ठरवतील.

त्यांनी कोरा कागद आणि पेन पुढे केलं. “तुम्हीच पाट्या लिहिता ना? नाव लिहून द्या. सूत्रही लिहा, फोनवर नावात गडबड होते.”

बाईंनी पेन घेतलं. पाटीवर लिहिलं होतं कार्बन टेट्राक्लोराइड, आणि ते ते नव्हतं. बहुतेक फॉस्फरस ट्रायक्लोराइड असेल. पी, सी-एल, खाली तीन. पण सिलिकॉन टेट्राक्लोराइडही असंच धुमसतं. सल्फर डायक्लोराइडला रंग असतो, आणि धारेला रंग होता की नव्हता हे त्यांना आठवेना, डोळ्यांपुढे फक्त पांढरं येत होतं. यातलं कोणतंही नाव लिहिलं असतं तरी खाली त्याचं सूत्र बिनचूक जुळलं असतं. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही वाचून समाधानाने फोन उचलला असता. हात तयार होता. हाताला कधीच शंका येत नसे.

बाईंनी पेन टेबलावर ठेवलं.

“मला माहीत नाही,” त्या म्हणाल्या. “मी पाहिलं नाही. मी काय लिहिलं ते धरू नका.”

 डॉक्टरीणबाईंनी स्वतः पेन उचललं आणि विचारलं की बरं, जे डोळ्यांनी पाहिलं तेवढं सांगा. बाईंनी सांगितलं. धार पातळ. पाण्यावर पडताच फुस्स. धूर पांढरा, जड, जमिनीलगत सरकणारा. वास फरशी धुवायच्या ॲसिडसारखा, नाकात खिळा ठोकल्यासारखा. पिंप काठोकाठ. धार सुटल्यापासून बूच बसेपर्यंत पाच-सहा श्वास. एवढंच. डॉक्टरीणबाईंनी ते सगळं लिहून घेतलं आणि फोनवर एकेक वाक्य वाचत गेल्या. पलीकडून कोणीतरी पुन्हा पुन्हा नाव विचारत होतं. दर वेळी त्या सांगत होत्या की नाव नाही.

बाहेर साहेबांचा आवाज येत होता. मुकादमाला घेऊन ते मचाणावरची पिशवी खाली आणवत होते, उरलेली पिंपं कुलुपात लावत होते. कोणीतरी मास्तरांना घरून आणायला सायकलवर गेलं होतं. त्यांना नळांची जागा तोंडपाठ असेल, अशी आशा. त्यांना निघून पाच महिने झाले होते आणि त्यांना आता माणसाचा चेहराही नीट दिसत नव्हता.

बाई खाटेशी स्टुलावर बसल्या. त्यांनी धाकट्याला सगळं सांगितलं. नळाचं, पायऱ्यांचं, सह्यांचं. मधे कुठे थांबल्या नाहीत. तो छताकडे बघत ऐकत होता. ऐकून झाल्यावर त्याने नाकावरची नळी सरळ केली. मग म्हणाला की काल रात्री मास्क लाव म्हणालीस, तेव्हा मला वाटलं खरंच तुझा गुडघाच दुखतोय.

त्यात राग नव्हता. बाईंनी त्याच्या कपाळावरचे ओले केस मागे सारले. तो मग इकडचं तिकडचं बोलत राहिला, त्यांना बरं वाटावं म्हणून. आता तर अंगाचा वास वर्षभर जाणार नाही, मुलीकडचे लोक फाटकातूनच परततील. तू धावतेस तेव्हा अगदी बदकासारखी दिसतेस. गाडी आली की मला खिडकीपाशी निजवायला सांग.

बाई हुं म्हणत होत्या, पण त्या शब्द ऐकत नव्हत्या. शब्दांच्या मधली जागा ऐकत होत्या. खाटेवर आल्या आल्या तो सबंध वाक्य एका दमात बोलत होता. मग अर्ध्यात थांबायला लागला. बदकाचं सांगताना दोनदा थांबला. आणि आता, गाडी आली का, एवढं विचारायलाही त्याला तीन वेळा श्वास घ्यावा लागला. त्या तिसऱ्या श्वासात खोल कुठेतरी, पाण्यात बुडबुडा यावा तसा एक बारीक आवाज होता. बाईंनी डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. त्यांनी तो आधीच ऐकला होता. फाटकाबाहेरचा रस्ता अजून रिकामाच होता.